‘भावबंधन’ : रुग्णशय्येवरील विनोद

एखादा लोकप्रिय ग्रंथकार तरुण वयात निवर्तला, म्हणजे त्याच्या अखेरच्या कृतीकडे स्वच्छ दृष्टीने पाहणे फार अवघड होऊन बसते. तिच्या पानापानावर त्याच्या मृत्यूची छाया पडली आहे असे वाचकास वाटू लागते. आणि ती कृती जर विनोदी असेल, तर मग विचारावयासच नको! काळ दाराशी येऊन उभा असता हा मनुष्य हसला तरी कसा, या एका आश्चर्यात त्या कृतीचे गुणही बुडतात आणि दोषही बुडतात. राम गणेश गडकरी यांच्या ‘भावबंधन’ नाटकाची आपल्याकडे बहुतांशी अशीच गत झाली आहे. गडकऱ्यांच्या धैर्याविषयी आदराने बोलणारे पुष्कळ भेटतात. पण ते धैर्य नेमके कोणत्या जातीचे होते, आणि नाटकात त्याचा काही पुरावा सापडतो की नाही, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखात ती घेण्याचा विचार आहे. हा प्रश्न केवळ नाट्यसमीक्षेपुरता आहे असेही नव्हे. ज्या घरात दीर्घ दुखण्याचे माणूस आहे, त्या प्रत्येक घराला त्याचे उत्तर कधी ना कधी द्यावे लागते.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगतो. गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ चा. मृत्यू २३ जानेवारी १९१९ चा. म्हणजे वयाची चौतिशीही पुरी झाली नव्हती. क्षयाने शरीर पोखरल्यावर ते नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सावनेर या गावी भावाकडे येऊन राहिले. तो काळच मोठा दारुण होता. नुकत्याच सरलेल्या १९१८ च्या शरदात इन्फ्लुएन्झाच्या साथीने मध्यप्रांत आणि वऱ्हाडात घरेच्या घरे ओस पाडली होती. अशा दिवसांत सावनेरच्या त्या घरात ‘भावबंधन’ पुरे झाले, आणि ते पुरे झाल्यावर लवकरच लेखकाने डोळे मिटले, असे सांगतात. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्या नाटकाचा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच झाला आणि त्यातील पदेही वि. सी. गुर्जर यांनी रचलेली आहेत. ‘भावबंधन’ बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले, तेही लेखकाच्या पश्चातच. ‘राजसंन्यास’ मात्र अपुरे राहिले ते राहिलेच.

या हकीकतीचे दोन अर्थ लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पहिला अर्थ असा की, गडकऱ्यांनी आनंदी वृत्तीच्या बळावर मृत्यूवर मात केली. दुसरा अर्थ याच्या अगदी उलट. तो असा की, क्षयाच्या ज्वरानेच त्यांच्या प्रतिभेला ऐन शेवटी झळाळी आणली. दिवा विझताना मोठा होतो, हा आपल्याकडील जुना दाखला या ठिकाणी हमखास दिला जातो. हे दोन्ही अर्थ ऐकावयास गोड आहेत. पण माझ्या मते ते दोन्ही टाकाऊ आहेत.

दुसरा अर्थ आधी घेऊ. क्षय आणि प्रतिभा यांची सोयरीक जुळविणे हा मूळ युरोपातील छंद आहे. कीट्स १८२१ साली पंचविसाव्या वर्षी रोममध्ये क्षयाने गेला, तेव्हापासून फिकट चेहरा, चमकणारे डोळे आणि काव्य यांची एक त्रयीच तेथील रसिकांनी बनवून टाकली. त्या वेळच्या वैद्यांच्या भाषेत तर ‘स्पेस थायसिका’, म्हणजे ‘क्षयी माणसाची आशा’, असा एक शब्दप्रयोगच रूढ होता. हा रोगी शरीराने जितका खंगतो तितका मनाने उल्हसित होतो, अशी ती समजूत! तेव्हा रोग्याचा आनंददेखील त्याचा स्वतःचा राहिला नाही. तोही रोगाच्या लक्षणांत जमा झाला. १८८२ साली रॉबर्ट कॉखने या रोगाचा जंतू शोधून काढला आणि या काव्याला उतरती कळा लागली. हा जंतू गिरणीकामगाराला आणि कवीला सारखाच ग्रासतो, आणि प्रतिभा कोणालाच देत नाही. पुढे अमेरिकन लेखिका सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात, रोगाभोवती रचलेली अशी रूपके रोग्याचे ओझे वाढवितात, हे फार परखडपणे दाखवून दिले. गडकऱ्यांची कोटीबाज शैली, त्यांची अतिशयोक्ती, त्यांचा अनुप्रासाचा हव्यास, हे सारे क्षयाच्या आधीपासूनचे आहे. ‘बाळकराम’ या नावाने लिहिलेले विनोदी लेख ज्याने चाळले असतील त्याला याचा निराळा पुरावा नको. जे निरोगीपणी होते तेच रोगात टिकले, एवढेच फार तर म्हणता येईल. आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे.

आता पहिला अर्थ. आनंदी वृत्तीने मृत्यूवर मात केली, हे वाक्य सभेत टाळ्या घेते खरे. पण २३ जानेवारीची तारीख त्याला पुसता येत नाही. १९१९ साली क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यास १९४३ साल उजाडावे लागले. तोवर हवापालट, विश्रांती आणि पौष्टिक आहार हीच काय ती चिकित्सा होती. आणि खरे औषध हाती आल्यावर १९५९ साली मद्रास येथील संशोधकांनी असेही दाखवून दिले की, औषध नेमाने घेणारा गरीब रोगी आपल्या कोंदट घरात राहूनही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. सावनेरची हवा गडकऱ्यांना वाचवू शकली नाही, त्याचप्रमाणे त्यांचा विनोदही त्यांना वाचवू शकला नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा करणे हाच अन्याय आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोके आणि मान यांचा कर्करोग झालेल्या १,०९३ रुग्णांची पाहणी केली होती. ज्यांचे मन अधिक प्रसन्न ते अधिक काळ जगले, असे काही तीत आढळले नाही. मन प्रसन्न असले तर दिवस सुसह्य होतो, औषधाची वेळ चुकत नाही, घरच्यांशी दोन शब्द गोडीने बोलता येतात. हे लाभ थोडे नव्हेत. पण प्रसन्नतेला औषधाच्या गादीवर बसविले की तिचा जुलूम सुरू होतो. मग जो मेला तो मनाने कमकुवत होता, असा निष्कर्ष कोणी उघड बोलत नसले तरी मनात काढतातच.

मग गडकऱ्यांचे धैर्य होते तरी कोणते? उत्तरासाठी नाटकाकडेच वळले पाहिजे.

‘भावबंधना’तील घनश्याम हा खलपुरुष आहे, पण तो निव्वळ दुष्टपणाच्या हौसेने दुष्ट झालेला नाही. श्रीमंताची मानी मुलगी लतिका हिने त्याचा उपहास केला, आणि त्या अपमानाच्या जखमेतून त्याचा सूड जन्मास आला. प्रेक्षक त्याचा तिरस्कार करतो. तथापि तो अपमान खरा होता, हेही प्रेक्षकाला विसरता येत नाही. उलटपक्षी लतिका ही नायिका. पण तिची जीभ किती धारदार आहे आणि त्या धारेने कोणाला किती लागते, हे लेखकाने मुळीच झाकलेले नाही. या दोघांच्या झुंजीभोवती धुंडिराजासारखा भोळा, विसराळू वृद्ध वावरतो, आणि कामण्णासारखे पात्र हशा पिकविते. दीनानाथ मंगेशकरांची लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम यांनी एक पिढी गाजविली. आणि कामण्णाची भूमिका करणारे दिनकर ढेरे तर पुढे ‘दिनकर कामण्णा’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. मरणाऱ्या लेखकाने कल्पनेत निर्माण केलेले नाव एका जिवंत नटाला जन्मभर चिकटावे, ही गोष्ट मला त्याच्या धैर्याविषयीच्या सर्व भाषणांहून अधिक बोलकी वाटते.

आता या साऱ्यात लेखकाचे दुखणे कोठे आहे? मला तर ते कोठेच दिसत नाही. आपल्या व्याधीचे रडगाणे नाही, तसाच मृत्यूला आव्हान देण्याचा आविर्भावही नाही. लेखकाचे सारे चित्त दुसऱ्यांकडे लागलेले आहे. एका मानी मुलीचा ताठा कोणत्या शब्दांत प्रकट होईल, अपमान गिळलेला मनुष्य एकांतात कोणती भाषा बोलेल, एखाद्या म्हाताऱ्याचा विसराळूपणा कोणत्या क्षणी हास्यास्पद होतो आणि कोणत्या क्षणी केविलवाणा होतो, या विचारात तो गढून गेला आहे. घनश्यामाला समजून घेण्यासाठी लेखकाला काही काळ घनश्यामाच्या मनात जाऊन राहावे लागले असेल. जो मनुष्य आपल्या छातीतील कळ विसरून आपल्याच कल्पनेतील शत्रूची बाजू समजून घेऊ शकतो, त्याच्या धैर्याला ‘आनंदी वृत्ती’ हे नाव फार तोकडे पडते. ती जगाविषयीची न आटलेली आस्था होय.

याला एक आक्षेप येईल, तो आधीच पाहून ठेवतो. गडकऱ्यांना रुग्णशय्येचा विनोद साधत नव्हता म्हणून त्यांनी तो टाळला, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. ‘एकच प्याला’मध्ये तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य यांची जी जुंपते, ती पाहिलेल्याला हे सांगावयास नको. रोगी बाजूलाच राहतो आणि दोन चिकित्सापद्धतींचा अहंकार खाटेवरून एकमेकांवर धावून जातो. मोलिएरची आठवण व्हावी असा तो प्रसंग आहे. मोलिएरने तर याहून पुढची मजल मारली होती. स्वतः छातीच्या विकाराने जर्जर असता त्याने दुखण्याचे सोंग जपणाऱ्या माणसावर नाटक लिहिले, त्यातील रोग्याची भूमिका स्वतःच केली, आणि १७ फेब्रुवारी १६७३ रोजी चौथ्या प्रयोगानंतर त्याच रात्री प्राण सोडला. गडकऱ्यांच्या हाती हे हत्यार होते. पण ऐन दुखण्यात त्यांनी ते उगारले नाही. त्यांना आपल्या खाटेपासून दूर जावयाचे होते, आणि ते गेले.

येथे समीक्षकाच्या कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘भावबंधन’ हे निर्दोष नाटक आहे काय? नाही. त्यातील संवाद पुष्कळदा लांबतात. एकीतून दुसरी कोटी निघते, दुसरीतून तिसरी, आणि मूळ प्रसंग खोळंबून राहतो. पात्र थोर असो वा थिल्लर, त्याच्या तोंडून गडकरीच बोलू लागतात, हा त्यांच्या सर्वच नाटकांवरील जुना आक्षेप येथेही लागू पडतो. योगायोगांवर भिस्त फार. हे दोष सांगू लागले की कोणी ना कोणी कळवळून म्हणतो, ‘अहो, पण तो बिचारा मरणपंथाला लागला होता!’ या ‘बिचारा’ शब्दाला माझी हरकत आहे. गडकऱ्यांनी नाटक लिहिले ते नाटककार म्हणून, रोगी म्हणून नव्हे. त्यांनी आपल्या प्रेक्षकांकडे सवलत मागितली नाही. आपण होऊन ती देऊ करणे म्हणजे ज्या खाटेवरून ते उठून गेले तिच्यावरच त्यांना पुन्हा नेऊन निजविणे होय. आजारी लेखकाचा खरा मान, निरोगी लेखकाची परीक्षा ज्या कसोटीने करावयाची तिनेच त्याचीही करण्यात आहे. त्या कसोटीला लावूनही घनश्याम आणि लतिका शिल्लक राहतात, आणि त्यांचे बावनकशी मोल तेव्हाच कळते.

चेखोवच्या बाबतीत असाच घोटाळा झाला होता. ‘चेरी ऑर्चर्ड’ हे त्याचे शेवटचे नाटक. क्षयाने इतकी शक्ती हरण केली होती की दिवसाकाठी चार ओळी लिहिणेही त्याला जड जाई. नाटक रंगभूमीवर आले १९०४ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षीच्या जुलैत तो गेला. हे सुखान्त विनोदाच्या कुळातील नाटक आहे असे तो परोपरीने सांगत होता. पण दिग्दर्शक स्टानिस्लावस्कीने त्यात अश्रूच पाहिले, आणि चेखोव त्यावर चिडला. त्याची चीड मला समजू शकते. लेखक हसण्यासाठी बोलावतो आणि आपण त्याच्या प्रकृतीची चौकशी करीत बसतो! ‘भावबंधना’चा प्रयोग पाहताना सावनेरची आठवण ठेवून जो हसू दाबतो, तो लेखकाविषयी आदर दाखवीत असेल, पण त्याचे निमंत्रण नाकारीत असतो.

आता या चर्चेचा आपल्या घरांशी काय संबंध, तेही सांगितले पाहिजे. मी ज्या साकोलीत राहतो तो भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग, धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ घरांतून ठाण मांडून आहे. तो जन्मापासून सोबतीला येतो आणि वेदनेचे झटके वेळी-अवेळी आणतो. २०२३ साली त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले ही समाधानाची गोष्ट आहे. क्षयही हटलेला नाही; फरक इतकाच, आणि तो फार मोठा फरक आहे, की साधा क्षय आता सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. रोग्याच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले आहेत. म्हणजे गडकऱ्यांना जे लाभले नाही ते आज शेतमजुराच्या पोराला लाभू शकते. तथापि अशा रोग्यांच्या उशाशी आपण आप्तेष्ट मंडळी काय बोलतो? ‘मन खंबीर ठेव’, ‘आनंदी राहा’, ‘वाईट विचार मनात आणू नकोस’. हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला दुखण्याच्या जोडीला आनंदाचे सोंग वठविण्याचे आणखी एक काम येते. रडू आले तर ते भिंतीकडे तोंड करून रडावे लागते.

गडकऱ्यांच्या बाबतीत मला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी की, त्यांच्यापाशी पुरे करावयाचे एक काम होते, आणि ते काम हाती येण्याची वाट पाहणारी माणसे होती. बळवंत मंडळी १९१८ साली नुकतीच उभी राहिलेली. तिला नव्या नाटकाची गरज होती. नाटक मंडळीला सहानुभूती दाखविण्यापुरते नाटक नको असते. तिला प्रयोग करावयाचा असतो, पोट भरावयाचे असते. अशी निकडीची, रोखठोक अपेक्षा ज्याच्याकडून केली जाते, तो मनुष्य अद्याप जगाच्या हिशेबात असतो. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली आणि वरोऱ्याच्या माळावर आनंदवन उभारले, तेव्हा त्यांनीही कुष्ठरोग्यांना उपदेश दिला नाही. कुदळ दिली, विहीर खणावयास लावले, शेत पिकवावयास लावले. त्या वसाहतीच्या नावातील आनंद श्रमाच्या मागून आला आहे. रोग्याची वाट पाहणारे काहीतरी असावे लागते, मग ते नाटक असो, शेत असो, शिवावयाचे कापड असो की नातवाचा अभ्यास असो. ज्याला खाटेवरून हलताही येत नाही त्याच्याशीसुद्धा गावातील भांडणाची, पिकाची, निवडणुकीची चर्चा करता येते. त्याचे मत चुकीचे वाटले तर त्याच्याशी वादही घालता येतो. आजाऱ्याशी वाद घालू नये हा शिष्टाचार कोणी काढला असेल तो असो. पण ज्याच्याशी कोणी वाद घालीत नाही त्याला आपण मेल्यातच जमा धरले आहे, हे तो ओळखून असतो.

मात्र यातूनही नवा उपदेश निर्माण होऊ नये. प्रत्येक रोग्याने अखेरपर्यंत कामच करीत राहिले पाहिजे, असे म्हणणे पहिल्या जुलुमाहून बरे नव्हे. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले, हे आपण विसरता कामा नये. शोकान्त अपुरे आणि विनोदी तेवढे पुरे, यात कोणी दैवी संकेत शोधू लागले तर मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. शक्ती जितकी होती तितके झाले, इतकेच. गडकऱ्यांच्या थोरवीत त्या अपुऱ्या नाटकाने काडीचाही उणेपणा येत नाही. ज्या दिवशी लेखणी हातातून गळते, त्या दिवशीही मनुष्य पराभूत झाला असे म्हणण्याचा अधिकार निरोगी माणसांना नाही.

आमच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर, धान खळ्यावरून घरात आले म्हणजे, गावोगाव नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. मंडपात थंडीने कुडकुडत, रात्र रात्र जागून, लोक नाटक पाहतात. त्याच नाटकात रडतात आणि त्याच नाटकात पोट धरून हसतात. एका प्रवेशातले अश्रू दुसऱ्या प्रवेशात घेऊन जात नाहीत. नाटककार कोण, तो कोठे मेला, कशाने मेला, याची पुसतपास त्यांच्यात कोणी करीत नाही. विद्वानांना हे अज्ञान वाटेल. पण पात्रे आपापल्या पायांवर उभी आहेत की नाहीत, एवढे ते अचूक ओळखतात. सावनेरला लेखणी चालवीत असता गडकऱ्यांच्या डोळ्यांपुढे जर कोणी असेल, तर तो असाच प्रेक्षक असावा. आणि ‘भावबंधन’ वाचावयाचे तर त्याच्या शेजारी बसून वाचावे.